टॉवरवरून दिसलेली जमीन

माझी नजर अधू आहे हे मला विशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या गावची शाळा मराठी आणि बसवरचे बोर्ड कानडी. मन्नाएखेळ्ळीच्या फाट्यावर उभा राहिलो की समोरून येणाऱ्या बसचा बोर्ड वाचता यायचा नाही, आणि मी समजायचो की आपलं कानडी कच्चं आहे. शेजारी उभा असेल त्याला विचारायचो, तो सांगायचा, मी चढायचो. वर्गात सगळ्यांत बुटका असल्यानं पहिल्या ओळीत बसायचो, त्यामुळे फळा कधी अडला नाही. घरी थोडी मेंढरं होती. ती राखताना एखादं दुसऱ्याच्या तुरीत शिरलं की बाप लांबून ओरडायचा, "ध्यान कुठं हाय तुझं?" मलाही वाटायचं, खरंच आपलं ध्यान नसतं.

पुढे बिदर शहराला लागूनच असलेल्या कोळारला एका कारखान्यात लागलो. तिथल्या फोरमननं एकदा मला भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते विचारलं, तर मी उठून घड्याळाच्या खाली जाऊन उभा राहिलो. त्यानं त्याच संध्याकाळी मला चष्म्याच्या दुकानात नेलं. दोन्ही डोळ्यांना अडीच-अडीच नंबर निघाला. चष्मा लावून दुकानाबाहेर पडलो तर रस्त्यापलीकडच्या पाट्यांवरची कानडी अक्षरं एकामागून एक लागत गेली. मला कानडी वाचता येत होतं.

तो कारखाना बंद पडला त्याच सुमाराला आमच्या भागात मोबाइलचे टॉवर उभे राहायला लागले. हुमनाबाद, चिंचोळी, आळंद, जिकडे तिकडे शेताच्या कडेला सिमेंटचा चौथरा आणि त्यावर लोखंडी अँगलचा मनोरा. आमच्यातले बरेच जण त्या कामावर गेले. मला ज्याच्याबरोबर जोडी मिळाली तो माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा होता. घरात कानडी बोलायचा, माझ्याशी मराठी. मी त्याला अण्णा म्हणायचो. खालचे लोक कप्पीवरून दोर ओढून अँगल वर पाठवायचे आणि आम्ही दोघं वर लटकून ते नटबोल्टनं जोडायचो.

पहिल्याच दिवशी घामानं चष्मा नाकावरून घसरायला लागला. मी तो काढून शर्टाच्या खिशात टाकला आणि वर गेलो. हातातला बोल्ट आणि पाना स्वच्छ दिसत होता. आणखी काय बघायचं होतं? त्या दिवसापासून कामावर चष्मा खिशात, काम सुटल्यावर डोळ्यांवर, असंच चालू राहिलं. खाली बघितलं तर हिरवट-तांबूस काहीतरी पसरलेलं दिसायचं, पाण्यात रंग कालवल्यासारखं. मी शिट्टी वाजवत वर जायचो. एका अँगलवरून दुसऱ्यावर जाताना पट्ट्याचा हूक काढून पुन्हा अडकवायचा कंटाळा करायचो. अण्णा मागून येऊन माझा हूक स्वतः अडकवायचा. खालचे म्हणायचे, ह्या पोराला भेवच न्हाई. घरी बायकोनं विचारलं की मी सांगायचो, शिडीवर चढल्यासारखंच आहे, त्यात काही नाही. मला ते तसंच वाटत होतं.

एकदा आळंदच्या बाजूला काम चालू असताना मी वाकलो आणि खिशातला चष्मा खाली गेला. दोर ओढणाऱ्या माणसापासून हातभर अंतरावर दगडावर पडून त्याचा चुरा झाला. सुपरवायझर तिथंच उभा होता. तोवर त्याला मी चष्मेवाला आहे हे माहीत नव्हतं. त्यानं मला खाली बोलावलं आणि सांगितलं की ज्याला बिनचष्म्याचं दिसत नाही त्यानं वर जायचं नाही. एक तर दोर ओढ, नाहीतर डोळे नीट करून ये.

डोळे नीट करता येतात हे मला अण्णानं सांगितलं. त्याच्या मेहुणीच्या पोरानं पोलीस भरतीसाठी हैदराबादला जाऊन लेझरनं नंबर घालवून घेतला होता. "कापाकापी न्हाई, उजेडानंच करतेत म्हंते," अण्णा म्हणाला. त्यालाही नीट माहीत नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा माय भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. तिच्या भावाचा, माझ्या मामाचा, एक डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेला होता. मेंढरांसाठी फांदी ओढताना ती सुटून तोंडावर आली होती. मामाचा तो पांढरा डोळा आम्ही सगळ्यांनी जन्मभर पाहिलेला.

"चांगल्या डोळ्याला हात लावू दिऊ नगं," माय म्हणाली. "दिसतंय तेवढं बास हाय."

"चांगला न्हाई माय तो, म्हून तर जायलाव."

"तुज्या मामाचाबी काटा काढतो म्हून वैद्यानं हात घातला. तवाच गेला डोळा. काट्यानं न्हवता गेला."

हे तिनं आधी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली. अंगणात मी एक डोळा हातानं झाकून चालून बघायचो, मग दुसरा. मग दोन्ही. बायकोनं बोलून दाखवलं नाही, पण तिनं ते पाहिलं होतं, कारण एक दिवस ती म्हणाली, "नसलं जायाचं तर नगा जाऊ. दोर वडा. मला काय त्याचं वाईट न्हाई." दोर ओढणं मला कमीपणाचं वाटत होतं. वर मला मान होता. मी म्हणालो, जायचंच.

लेकीला मायजवळ ठेवून मी आणि बायकोनं फाट्यावरून हैदराबादची बस धरली. आधी एकदा जाऊन तपासणी झाली होती, बुबुळावरचा पडदा पुरेसा जाड आहे, करता येईल, असं सांगितलं होतं. आता करायचंच होतं. दवाखान्यात माझ्यासारखे आणखी काही जण हिरवे झगे आणि टोप्या घालून बाकावर ओळीनं बसले होते. एक नर्स येऊन सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब टाकून जायची. थोड्या वेळानं पापणी जड झाली आणि डोळा आपला नसल्यासारखा झाला. आत नेलेल्या माणसाला दुसऱ्या दारानं बाहेर काढत असावेत. आमच्याकडे कोणी परत येत नव्हतं. माझ्या शेजारची मुलगी हळू आवाजात देवाचं नाव घेत होती. तिला आत नेल्यावर बाक एकदम रिकामा वाटला.

मला यंत्राखाली आडवं केलं. थंडी फार होती. डॉक्टर आमच्याकडल्या दखनी उर्दूसारखंच बोलत होते, त्यानं जरा धीर आला. "हिलो नक्को. लाल बत्तीकूच देखते रैना." पापण्या चिमट्यानं ताणून धरल्या. मग डोळ्यावर काहीतरी गोल बसवलं आणि दाबलं. इतकं दाबलं की वाटलं बुबुळ मागं कवटीत जातंय. आणि लाल दिवा विझला.

दिवा विझला असं मला वाटलं. खरं तर माझा डोळा विझला होता. डोळा सताड उघडा, आणि समोर काळं. आजवर मी अंधार पाहिला होता तो डोळे मिटून किंवा दिवा गेल्यावर. हा तसला नव्हता. ह्यात उजेड येण्याची जागाच नव्हती. मला मामा आठवला नाही की माय आठवली नाही. फक्त एवढंच वाटलं की झालं, गेला. उठून पळावं म्हणून पाय आखडले, तशी कुणीतरी गुडघ्यावर हात ठेवला. डॉक्टर म्हणाले, "अबी दिखता, घबराओ नक्को." आणि खरंच, पाण्याखालून वर यावं तसा तो लाल दिवा पुन्हा आला, पण फाटका, चहूकडे पसरलेला. यंत्र टकटक करायला लागलं. वास आला. मेंढराची लोकर विस्तवावर पडल्यावर येतो तसला. तो माझ्या डोळ्याचा वास होता हे कळायला मला एक क्षण लागला.

मग त्यांनी दुसरा डोळा घेतला. पहिल्या वेळी काय होणार ते माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी माहीत होतं. दुसऱ्या वेळची भीती जास्त होती.

बाहेर आलो तेव्हा डोळ्यांवर भोकांच्या प्लास्टिकच्या वाट्या चिकटवलेल्या होत्या आणि पाणी थांबत नव्हतं. बायकोनं माझा हात धरला. "दिसतंय का?" तिनं विचारलं. धुक्यातून तिचं तोंड दिसत होतं. "दिसतंय," मी म्हणालो. तिनं परत विचारलं. लॉजवर पोचेपर्यंत ती विचारतच होती.

दुसऱ्या दिवशी वाट्या काढल्या आणि मी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. डॉक्टर हसले. बायको कोपऱ्यात उभी होती. तिच्या पदराच्या काठाला एक टाका उसवलेला होता तो मला तिथून दिसला. परतताना बसमध्ये मी खिडकीतून पाट्या वाचत राहिलो. जहीराबादपर्यंत तेलुगू होत्या, त्या नुसत्याच बघितल्या. मग कानडी सुरू झाल्या.

घरी महिनाभर मी धुळीला, चुलीच्या धुराला, लेकीच्या बोटांना, सगळ्याला भीत होतो. लेक मांडीवर आली की मी दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरायचो. खाज सुटली तर हात पाठीमागं बांधून बसायचो. माय लांबून बघायची. एकदा माझ्यासमोर दोन बोटं धरून तिनं विचारलं, "किती?" मी सांगितलं. मग ती अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि तिथून विचारलं. मी तिथूनही सांगितलं. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

कामावर परतलो तेव्हा मन्नाएखेळ्ळीजवळच एक टॉवर चालू होता. मधल्या मजल्याच्या, म्हणजे थांबायच्या लोखंडी फळीच्या, वर काम आलं होतं. सुपरवायझरनं लांबवरचा एक ट्रक दाखवून त्याचा नंबर वाचायला लावला. मी वाचला. "चढ," तो म्हणाला.

अण्णा पुढे गेला, मी मागून. हात सरावाचे होते, नजर समोरच्या लोखंडावर होती. मधल्या मजल्यावर थांबून मी खालून येणारा दोर घ्यायला वळलो आणि खाली बघितलं.

खाली माणसं होती. दोर ओढणारा वर तोंड करून उभा होता आणि त्याच्या खांद्यावरचा पंचा दिसत होता. पंच्याची लाल किनार दिसत होती. चौथऱ्याभोवती पडलेल्या खडीचा एकेक दगड होता. टॉवरची सावली तुरीच्या शेतात लांब गेली होती, आणि त्या सावलीच्या टोकाला खुरपणारी एक बाई कपाळावर हात धरून माझ्याकडे बघत होती. प्रत्येक गोष्टीला कड होती. आणि त्या सगळ्याच्या आणि माझ्या मध्ये काहीच नव्हतं. नुसती हवा. इतकी वर्षं ती हवा तिथंच होती आणि मी तिच्यात शिट्टी वाजवत फिरत होतो.

माझी बोटं अँगलवर आवळली गेली. मी त्यांना सोडायला सांगितलं, ती सुटेनात. पोटऱ्या थरथरायला लागल्या, आणि त्यांच्यामुळे लोखंड थरथरतंय असं वाटायला लागलं. डोळे मिटले तर टॉवर तिरका व्हायचा. उघडले तर ती खडी.

"काय झालं रे?" वरून अण्णानं विचारलं.

"काय न्हाई."

"मग दोर घे की. कामून थांबलास?"

"हात सुटंना, अण्णा."

तो खाली आला, माझ्या पाठीशी आला, आणि सगळ्यांत आधी माझा हूक अडकवला. "खाली बगू नगं. माझ्या हाताकडं बग. एक बोट सोड. आता दुसरं." त्यानं माझा पाय घोट्याला धरून खालच्या आडव्या अँगलवर ठेवला. मग दुसरा पाय. सगळी उतरण अशी झाली, माझा एकेक पाय त्याच्या हातानं ठेवत. जमिनीवर आल्यावर मी चौथऱ्याला पाठ लावून बसलो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दोर ओढणाऱ्यानं पंचा ओला करून दिला, तो मी तोंडावर धरला, आणि लगेच भ्यालो की डोळ्याला लागेल.

दोन दिवसांनी पुन्हा प्रयत्न केला. पहिल्या मजल्याच्या पुढे गेलो नाही. मला खात्री पटली की डोळ्यांत काही बिघडलंय, किंवा डोक्यात. पुढच्या तपासणीला बायकोला घेऊन हैदराबादला गेलो. खिडकीवरच्या मुलीनं नेहमीप्रमाणे विचारलं, दिव्याभोवती वलयं दिसतात का, डोळे कोरडे पडतात का, ऑपरेशननं समाधान आहे का. मी तिसऱ्याला हो म्हणालो. ते खोटं नव्हतं. त्या भीतीसाठी तिच्याकडे प्रश्नच नव्हता.

डॉक्टरांना मात्र सांगितलं. त्यांनी पुन्हा सगळं तपासलं आणि म्हणाले, आँखां बराबर हैं. मग त्यांनी विचारलं, आधी चढताना चष्मा लावायचास ना? मी म्हणालो, नाही, खिशात ठेवायचो.

त्यांनी हातातली बॅटरी खाली ठेवली. "मतलब, अब तक तुम नीचे देखेच नै थे," ते म्हणाले. "ये बीमारी नै है. ऊपर से नीचे देखे तो सबकू ऐसाच होता."

बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. परतीच्या बसमध्ये जहीराबाद मागं पडलं. तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हंजी इतके दिवस तुमी आंधळ्यावानी चढत होता?"

"आंधळ्यावानी कसं? हातातलं दिसत होतं."

"आन् मी घरी निवांत निजत होते," ती म्हणाली. तिनं माझं मनगट धरलं आणि फाटा येईपर्यंत सोडलं नाही. माझी भीती टॉवरवर गेल्यावरची होती. तिची भीती मागं मागं जात होती, प्रत्येक टॉवरवर, प्रत्येक दिवसावर, जे दिवस आता संपलेही होते. ती घरी बसल्या बसल्या मला विचारायची, आळंदचा केवढा होता? चिंचोळीचा? पावसात चढत होता का? मी उत्तर दिलं की तिला आणखी भेव वाटायचं आणि नाही दिलं तरी वाटायचं.

अण्णाला मी खरं काय ते सांगायला त्याच्या घरी गेलो. तो अंगणात दाढी करत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं तोंड पुसलं.

"मला रोज वाटतंय भेव," तो म्हणाला. "पयल्या दिसापासून."

"मग चढायलास कसं?"

"तसाच चढायलाव. हूक लावून." त्यानं वस्तरा पुसून ठेवला. "तुला भेव न्हाई बगून मला जास्त भेव वाटायचं. एकाच्या जागी दोघांचं भ्यावं लागायचं. आता तुझं भेव तुझं तू बग."

त्यानं मला पुन्हा वर नेलं. एकदम नाही. आधी पहिल्या मजल्यावर बसवून जेवायला लावलं. डबा उघडून आम्ही भाकरी खाल्ली आणि मी खाली बघत राहिलो. त्याला तेच हवं होतं. मग थोडं वर, मग आणखी थोडं. पावसाळा संपेपर्यंत मी शेंड्याजवळ पोचलो. भीती गेली नाही. रोज पहिल्या आडव्यावर पाय ठेवला की पोटऱ्यांत यायची आणि उतरल्यावर तासाभरानं जायची. शिट्टी बंद झाली. हूक लावल्याशिवाय मी हात हलवत नव्हतो, आणि काम हळू होतं म्हणून सुपरवायझर कुरकुरायचा. आणखी दोन हिवाळे मी असा चढलो. नंतर टॉवरची कामं कमी झाली, अण्णा पुण्याकडे गेला आणि मी कोळारला एका गोदामात लागलो. जमिनीवरचं काम मिळालं त्या दिवशी बायकोनं देवाला नारळ फोडला. मला विचारलं नाही.

गावाकडची पोरं ऑपरेशनचं विचारायला अजून येतात. कुणाला भरतीत उतरायचं असतं, कुणाला चष्मा नको असतो. मी त्यांना तो लोकरीसारखा वास सांगतो, डोळा उघडा असताना येणारा अंधार सांगतो, म्हणजे तिथं गेल्यावर ती दचकणार नाहीत. समाधान आहे का, असं विचारतात. आहे म्हणतो. बसचा बोर्ड लांबून वाचतो, लेक शाळेतून येताना वळणावरच ओळखतो. टॉवरचं मी सांगत नाही, कारण त्यांना टॉवरवर चढायचं नसतं.

मागच्या आठवड्यात घरातली ट्यूब गेली. मी स्टूल ओढून घेतलं आणि बायकोला हाक मारली. ती पीठ मळत होती, तशीच उठून आली आणि पिठाच्या हातांनी तिनं स्टुलाचे पाय धरले.

"एवढंसं तर हाय," ती म्हणाली.

"धर तरी."

तिनं धरलं. मी चढलो, जुनी ट्यूब फिरवून काढली, खाली तिच्या हातात दिली, नवी बसवली आणि उतरलो.